एक्केचाळीस डब्यांचा पंचनामा

रांग होती, परंतु रांगेत माणूस एकही नव्हता. गिरणीच्या पायरीपासून आतल्या भिंतीपर्यंत डबे उभे होते. स्टीलचे, पत्र्याचे, तेलाचे रिकामे झालेले आणि कडी लावून घेतलेले. ज्याचा डबा पुढे त्याचा नंबर पुढे, हा आमच्या शिरटेक गावातल्या गिरण्यांचा जुना रिवाज. डबा ठेवून बाई घरी जाते, तिच्या वतीने डबा उभा राहतो, आणि त्याला ढकलून पुढे जाण्याचे धाडस गावातला दांडगा माणूसही करीत नाही.

“मोजून घ्या, सर,” इंदूताई तोडकर म्हणाल्या. “माणसं शून्य, डबे एक्केचाळीस. डब्यांना कोरोना होतो का, तेवढं सांगा.”

माझ्यासोबत आलेला नगरपरिषदेचा मुकादम शिवलिंग हत्तुरे हसला. मी त्याच्याकडे पाहिले, तेव्हा त्याने मास्क उगाच नाकावर ओढून घेतला. दारात उभा असलेला पोलीस शिपाई मोबाइलमध्ये पाहत होता. सकाळचे अकरा वाजले होते. दुसऱ्या लाटेतला एप्रिल महिना होता, आणि त्याच दिवशी सकाळी आठपासून शिरटेकमध्ये दहा दिवसांची कडक टाळेबंदी सुरू झाली होती. इंदूताईंनी त्यानंतरही गिरणी चालवली होती, आणि कोणीतरी फोन करून तसे कळवले होते.

मी त्या वेळी गावातल्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवीत असे. शाळा बंद होत्या, आणि आम्हां शिक्षकांना नगरपरिषदेने निरनिराळ्या कामांवर घेतले होते. कोणी नाक्यावर गाड्या अडवीत होते, कोणी घरोघरी ताप मोजत होते. माझ्याकडे दोन कामे होती: टाळेबंदीचे आदेश शुद्ध आणि निःसंदिग्ध मराठीत लिहिणे, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या एका पथकाचे प्रमुखपद. दोन्ही कामे मी मन लावून करीत होतो. हे सांगताना मला आता संताप येतो, पण ते खरे आहे.

“आदेश वाचलात का?” मी विचारले.

“वाचला की. दूध हाय, औषध हाय, किराणा हाय, धान्याचं दुकान हाय. गिरणी बंद ठेवा म्हणून कुठं लिव्हलंय? दावा.”

“चालू ठेवा असेही लिहिलेले नाही. चौथे कलम पाहा. सूचीत ज्याचा स्पष्ट उल्लेख नाही, ते बंद.”

“म्हंजी धान्य इकायला परवानगी, दळायला न्हाई. लोकांनी गहू चावून खायाचा?”

मी तिला सांगितले की किराणा दुकानात पाकिटातले पीठ मिळते आणि दुकानदारांना घरपोच सेवेची सक्ती केलेली आहे. यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पन्नाशी उलटलेली, नवऱ्यामागे बारा वर्षे एकटीने गिरणी चालवलेली बाई. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पीठ बसलेले.

“ईणकर वसाहतीच्या बोळात गॅसवाला बी आत येत न्हाई, सर. टाकी नाक्यावर ठिवून जातो. तिथं किराणावाला पाकीट घेऊन यील?”

मग तिने वाद सोडला आणि विनंती केली. आदल्या दिवशी संध्याकाळी टाळेबंदी जाहीर झाली तशी सगळ्या वसाहतीने धाव घेऊन डबे आणून ठेवले. त्या रात्री लाईट नव्हती, ती सकाळी दहाला आली. चौदा डबे ज्वारी दळून झाली होती. सत्तावीस डबे राहिले होते. दोन तास द्या, ती म्हणाली. दार लावून घेते, कोणाला आत घेत नाही, दळून झाले की डबे एकेक करून बाहेर ठेवते, आणि मग तुम्हीच कुलूप घाला.

दोन तास. मागणी एवढीच होती. ज्या वसाहतीतले माग महिनाभर बंद होते, तिथल्या चाळीसेक घरांचे पीठ या दोन तासांवर अवलंबून होते, हे तिने मला स्वच्छ शब्दांत सांगितले आणि मला ते स्वच्छ समजले. मी नकार दिला. त्याचे कारण रोगाची भीती हे नव्हते. मुकादम आणि शिपाई यांच्यादेखत ती वादात सरस ठरली होती, हे होते.

“पंचनामा करा,” मी हत्तुरेला म्हणालो.

पंचनामा मी सांगत गेलो आणि हत्तुरे लिहीत गेला. गिरणी एक, मोटर एक, तागडी एक. नंतर डबे. कोणताही डबा ‘एक डबा’ म्हणून लिहून घेणे मला पटणारे नव्हते. आमच्याकडे भांड्यांवर नावे घातलेली असतात. ती वाचून प्रत्येक डबा नावानिशी नोंदवायला मी लावले. लक्ष्मी नरसय्या येमूल. कै. बालमणी चिप्पा यांचे स्मरणार्थ. सौ. अष्टेकर.

हत्तुरेची लेखणी थांबली. “सर, ह्यो तर तुमच्या घरचा.”

“लिहा,” मी म्हणालो, आणि असे म्हणताना मला जे वाटले, त्याला अभिमान याहून दुसरे नाव नाही.

“लिव्हा, लिव्हा,” इंदूताई म्हणाल्या. “सरांच्या घरी दुसरा डबा भरलेला असंल. बाकीच्या चाळिसात तसलं घर दावा मला.”

डबे तिचे नाहीत, ते जप्त करू नका, असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी तिला समजावून दिले की जे साहित्य आदेशभंगाच्या जागी आणि आदेशभंगाच्या कामासाठी ठेवलेले आढळते ते, मालक कोणीही असो, मुद्देमालच ठरते. उघडा डबा मुद्देमाल म्हणून ठेवता येत नाही, त्यात फेरफार होऊ शकतो; म्हणून सगळ्या डब्यांना झाकणे लावून वर सहीची कागदी पट्टी चिकटवायला सांगितले. दळलेले पीठ अजून गरम आहे, चौदा डब्यांवर नुसते फडके टाका, ती म्हणाली. मी झाकणे लावली. दाराला कुलूप घातले, कुलपाला कापड गुंडाळले, लाख वितळवून मोहोर केली. पंचनामा साडेचार पानांचा झाला. त्यात एकही खाडाखोड नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी एक बाई माझ्या फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. मास्क म्हणून पदर, हातात रिकामी पिशवी. मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो.

“सर, माझा डबा द्या की,” ती म्हणाली. “त्याच्यावर माझं नाव हाय.”

“नाव काय?”

“लक्ष्मी येमूल. नववा डबा. दळून झाला होता, इंदूताईंनी सांगितलं.”

तिचा नवरा यंत्रमागावर होता आणि माग बंद म्हणून घरी होता. तीन मुले आणि सासू. रेशनचा तांदूळ संपला होता. त्या डब्यात ज्वारी होती, यंदाचा शाळू, घरात होती नव्हती तेवढी सगळी. टाळेबंदी लागणार म्हणून तिने ती एकदमच दळायला टाकली होती. घरपोच सेवेच्या तीन क्रमांकांवर तिने फोन करून पाहिले होते. एकाने पत्ता ऐकून फोन ठेवला. दुसऱ्याने पाच किलोंच्या खाली पाकीट नाही असे सांगितले. तिसरा क्रमांक लागतच नव्हता. शेजारच्या घरातून आणलेले गहू ती दोन दिवस भिजवून, शिजवून मुलांना घालत होती आणि धाकट्याचे पोट त्याने बिघडले होते. हे सगळे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. रस्ता विचारणाऱ्याने खुणा सांगाव्यात तसे सांगितले.

मी तिला म्हणालो की असे तोंडी सांगून डबा मिळणार नाही. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करावा लागेल.

“लिहायला येत नाही मला.”

म्हणून मी आत गेलो, कागद आणला आणि तिचा अर्ज मी लिहिला. सात ओळींचा. त्यातले प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातून निघत होते. तिची निकड त्यात होती आणि लाचारी नव्हती. मी तो तिला वाचून दाखवला. तिने फाटकावरून हात आत घालून अंगठा उठवला.

“असं मी बोलले का?” तिने विचारले.

“याचा अर्थ तोच आहे.”

“मग मिळंल ना?”

मी म्हणालो, कागद बळकट आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच अर्ज नगरपरिषदेच्या आवक टपालातून माझ्या टेबलावर आला. वरच्या कोपऱ्यात मुख्याधिकाऱ्यांच्या हस्ताक्षरात लिहिले होते: पथकप्रमुखांनी अभिप्राय द्यावा. पथकप्रमुख मी. अर्ज मी लिहिलेला, पंचनामा मी केलेला, आणि ज्या कलमाखाली पंचनामा केला ते कलमही माझ्या भाषेत. प्रामाणिक अभिप्राय एकच संभवत होता, कारण माझ्या चौथ्या कलमात कोठेही फट नव्हती: मुद्देमाल असल्याने मागणी मान्य करता येत नाही.

मला राग आला. पहिल्या दिवशी माझ्यात जी चिडचिड होती ती अहंकाराची होती. हा राग निराळा होता, आणि मला वाटले की हा न्याय्य आहे. गाव चालवणारी माणसे धान्य आणि पीठ यांच्यामध्ये गिरणी असते हे विसरतात! ज्यांच्या घरी पाकिटे येतात त्यांनी ज्यांच्या घरी डबे आहेत त्यांच्यासाठी नियम करावेत! मी बैठक मारून टिपण लिहायला घेतले. दोन दिवस लिहीत होतो. टाळेबंदीचे प्रयोजन काय, त्या प्रयोजनाला गिरणी कशी बाधक नाही, उलट जिथे माणसाऐवजी डबा रांगेत उभा राहतो तिथे संसर्गाचा संभव सर्वांत कमी कसा, आणि सूची करणाऱ्यांची दृष्टी किती अपुरी होती. सहा पाने झाली. एक उपमा मला पुरेशी नेमकी वाटेना, म्हणून पाचवे पान मी पुन्हा लिहिले.

ते पान मी पुन्हा लिहीत होतो तेव्हा लक्ष्मी येमूलच्या घरी काय शिजत होते, हे मला माहीत होते.

सातव्या दिवशी टिपण घेऊन मी मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत गेलो. मुख्याधिकारी वैशाली नाईकनवरे तिशीच्या असतील. स्वतः आजारातून उठून आठवडाभरात कामावर आल्या होत्या. बोलताना मध्येच श्वास घ्यायला थांबत. टेबलावर ऑक्सिजनच्या टाक्यांचे मागणीपत्र पडले होते, फोन दर दोन मिनिटांनी वाजत होता. त्यांनी पहिले पान वाचले, सहावे वाचले आणि मधली चार तशीच ठेवली. यानेही मी चिडलो.

“मॅडम, मधली चार वाचल्याखेरीज शेवटचे समजणार नाही.”

“समजलं, सर. गिरणी सुरू व्हावी, असं तुमचं म्हणणं आहे.”

“माझे म्हणणे एवढेच नाही. ही सूची ज्यांनी केली त्यांनी पीठ या वस्तूचा विचारच केला नाही, असे माझे म्हणणे आहे. ही चूक अक्षम्य आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग बेल वाजवली आणि आदेशाची मूळ फाईल मागवली. ती येईपर्यंत मी बोलतच होतो. काय बोललो ते सगळे आठवते. ते इथे उतरवून ठेवण्याच्या लायकीचे नाही.

फाईल आली. त्यांनी पान काढून माझ्यासमोर फिरवले. जिल्ह्याहून आलेल्या आदेशावरून कार्यालयाने तयार केलेला तो कच्चा मसुदा होता, टाळेबंदीच्या आदल्या दुपारी माझ्याकडे भाषा तपासायला दिलेला. दुसऱ्या परिच्छेदात टंकलिखित ओळ होती: दूध, औषधे, किराणा, अन्नधान्य व त्यांच्याशी संबंधित सर्व व्यवसाय सुरू राहतील. त्यातल्या ‘व त्यांच्याशी संबंधित सर्व व्यवसाय’ या शब्दांवर लाल शाईची सरळ रेघ होती. पट्टीने ओढलेली. मी खाडाखोड पट्टीनेच करतो. समासात माझ्या अक्षरात लिहिलेले होते: ‘हे शब्द ढिले आहेत. यातून जो तो शिरेल. सूची बंदिस्त असावी.’ आणि खाली, माझ्याच अक्षरात, संपूर्ण चौथे कलम.

“मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं, हे राहू द्यायचं का,” त्या म्हणाल्या. “तुम्ही अर्धा तास मला समजावलंत. मला पटलं, कारण तुम्ही चांगलं बोलता. आणि मला ताप होता.”

मला ते आठवले. आठवले म्हणजे आठवड्याभरात मी ते विसरलो नव्हतोच. मी सहा पाने लिहून ते झाकले होते. त्या दुपारी ती रेघ ओढताना मला फार समाधान वाटले होते. वाक्य कसे लखलखीत झाले होते! अकरा शब्दांचे काम सहा शब्दांत, कोठे पाल्हाळ नाही, कोणाला निसटायला जागा नाही. गावातल्या किती गिरण्या, किती गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारे, किती सरपणाच्या वखारी त्या पट्टीखाली गेल्या, याचा हिशेब माझ्या मनात आला नव्हता, कारण मी वाक्य पाहत होतो.

“सुधारित आदेश काढा,” मी म्हणालो.

“त्याला जिल्ह्याची मंजुरी लागते. प्रस्ताव पाठवला तर टाळेबंदी संपल्यावर येईल.” त्या थांबल्या, श्वास घेतला. “दुसरा एक मार्ग आहे. जप्ती माझ्या अधिकारात रद्द होते, पंचनामा सदोष असेल तर. पंचनामा करणाऱ्यानं तसं लेखी दिलं पाहिजे. डबे जप्त करायला नको होते, ते लोकांचे होते, एवढं लिहा. सील आज काढते. आतलं दळण पूर्ण करायला दोन तासही देते.”

यावर मी जे केले ते सांगायला हवे. मी वाद घातला. पंचनामा सदोष नाही, असे मी म्हणालो. आदेश सदोष असेल, तो माझ्या हातून झाला असेल, पण पंचनामा त्या आदेशाबरहुकूम आहे, त्यात एका डब्याचीही गफलत नाही, आणि जे निर्दोष आहे ते सदोष आहे असे लिहून देणे म्हणजे खोटे लिहिणे होय. मी पोटतिडकीने बोललो. त्यांचा फोन दोनदा वाजून थांबला.

“सर,” त्या अखेर म्हणाल्या, “निर्दोष कोण, हे मी विचारतच नाही. गिरणी उघडायची का, तेवढं सांगा. नाहीतर मला फोन घेऊ द्या. माणूस टाकीसाठी थांबलाय.”

मी त्यांच्याच टेबलावर लिहिले. दोन ओळी. ‘दि. १२ रोजीच्या पंचनाम्यात मी लोकांचे डबे चुकीने जप्त केले. तो रद्द करावा.’ आयुष्यात मी लिहिलेल्या मजकुरात हाच एक असा आहे की जो मी पुन्हा वाचून पाहिला नाही.

आदेश निघून सही-शिक्का होईपर्यंत आठवा दिवस उजाडला. सकाळी नऊ वाजता आम्ही गिरणीवर गेलो तेव्हा गल्लीत चुन्याच्या वर्तुळांमध्ये बायका उभ्या होत्या. निरोप कसा पोचला कोण जाणे. हत्तुरेने लाख फोडली, कुलूप काढले. आतून ऊब आली आणि तिच्याबरोबर एक आंबूस, कोंदट वास. पत्र्याच्या छपराखाली आठ दिवस एप्रिलचे ऊन साचले होते.

इंदूताई आत गेल्या. पहिल्या रांगेतल्या डब्यावरची माझ्या सहीची पट्टी त्यांनी नखाने फाडली, झाकण उचलले, आतल्या बाजूने बोट फिरवले. झाकणाला ओल होती. पिठाचे गठ्ठे झाले होते. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि बाजूला थुंकली. मग दुसरा डबा. मग तिसरा. चौदाही डब्यांत तेच निघाले. उरलेल्या सत्तावीस डब्यांतले गहू खडखडीत होते.

“गरम पीठ कोंडलं,” त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. “खळ करा आता त्याची.”

मुद्देमाल परत देताना पावती घ्यावी लागते. पावत्या मी आदल्या दिवशीच कार्यालयातून छापील नमुन्यात भरून आणल्या होत्या, एक्केचाळीस. प्रत्येकीच्या तळाशी छापलेले होते: ‘वरील वस्तू सुस्थितीत मिळाली. तक्रार नाही.’ त्याखाली सहीची जागा.

लक्ष्मी येमूलचा डबा नववा, पण ती सर्वांत पुढच्या वर्तुळात होती. तिने डबा उघडला, पाहिले आणि झाकण परत लावले नाही. हत्तुरेने शाईची डबी तिच्यापुढे धरली.

“काय लिव्हलंय ह्याच्यावर?” तिने विचारले.

हत्तुरेने वाचून दाखवले.

“मग मी अंगठा देत न्हाई.”

“आगं, तसा नमुनाच आसतोय,” हत्तुरे तिला समजावू लागला. “अंगठा दिल्याबिगर डबा देता येत न्हाई. सरांना वर जाब द्यावा लागतो. डबा तर मिळतोय की तुला.”

“डबा मिळाला. आत काय हाय ते तुम्ही लिव्हा.”

मागच्या वर्तुळातली बाई म्हणाली, आमचंही तेच. तिच्यामागची म्हणाली, माझंही. आवाज कोणीच चढवला नाही. पीठ गेलेल्या चौदा बायका चौदा वर्तुळांत उभ्या राहिल्या आणि एकीनेही हात पुढे केला नाही.

मी लक्ष्मीच्या हातातून पावती घेतली. छापील ओळीवर रेघ मारली. पट्टी जवळ नव्हती. रेघ वाकडी गेली. तिच्याखाली लिहिले आणि पावती परत दिली.

“मला वाचता येतं का?” ती म्हणाली. “वाचा.”

मी वाचले.

“मोठ्यानं वाचा, सर. तिकडं उभं राहिलेल्यांना ऐकू जाऊ दे.”

इंदूताईंचा हात तेव्हा मोटरच्या खटक्यावर होता. मिळालेल्या दोन तासांतले एक मिनिटही त्यांना घालवायचे नव्हते. त्यांनी हात खाली घेतला.

“सरांचं वाचून होऊ द्या,” त्या म्हणाल्या. “गिरणी लावली की कुणाला काय ऐकू यायचं न्हाई.”

मी गल्लीकडे तोंड केले, मास्क खाली ओढला आणि वाचले: “ज्वारीचे पीठ होते. ते खाण्यालायक राहिलेले नाही. ते गरम आहे, झाकण लावू नका, असे मला सांगितले होते. झाकण मी लावले.”

“नाव?” लक्ष्मी म्हणाली.

मी माझे नाव वाचले. तिने अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला, डबा उचलून कमरेवर घेतला आणि बाजूला सरकली. गेली मात्र नाही.

मी पुढची पावती घेतली.